घासून काढलेले आठ मिलिमीटर

१

स्प्रिंग टेबलावर उभी राहिली नाही, आणि तिथंच सगळ्यांनी कल्पिताचा निकाल लावून टाकला.

रेवदंड्याच्या बंदराजवळच्या बर्फ कारखान्यात शुक्रवारी सकाळी पंचनामा चालला होता. मंगळवारी तिथं अमोनियाच्या पाइपाचा जोड फुटला होता आणि बर्फ न्यायला आलेल्या ठमाबाई कोळिणीच्या डोळ्यांत गॅस गेला होता. दाब फाजील वाढला की गॅस छपरावरून बाहेर सोडायचा, एवढ्या एकाच कामासाठी तिथं सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्या दिवशी तो उघडलाच नाही. का उघडला नाही, हे बघायला अलिबागहून चौकशी अधिकारी फिरोजा मॅडम आल्या होत्या. बुधवारी संध्याकाळी त्यांनी व्हॉल्व्हला सील ठोकलं होतं. आज ते चारचौघांसमोर तोडलं, आतली स्प्रिंग बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. ती कलंडली आणि घरंगळत कल्पिताच्या पुढ्यात येऊन थांबली.

"टोकं घासलेलीच नाहीत," कारखान्याचे मालक गणराज शेठ म्हणाले. त्यांचा आवाज असा दुःखी होता, की घरातलंच कुणी गेलं असावं. "तिरकी बसली, दांडा अडकला, झालं. येसाजी, दिवाळीत तुझ्याकडून घेतली ही. घासायला कोण असतं तुझ्याकडं?"

चौल रस्त्यावरच्या स्प्रिंगच्या कारखान्याचे येसाजीकाका खाली मान घालून उभे होते. त्यांनी सांगायची गरजही नव्हती, कारण टोकं घासायच्या दगडावर अकरा वर्षं कोण बसतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"मी असते," कल्पिता म्हणाली. "आणि ही मी सोडलेली स्प्रिंग न्हाय."

"मग काय आभाळातून पडली?"

"कुठनं पडली ते तुमी सांगा, शेठ. व्हॉल्व्ह तुमचा हाय."

कुणीतरी खाकरलं. बर्फ कारखान्याच्या मालकाला असं तोंडावर बोलायची पद्धत त्या बंदरात नव्हती. पण कल्पिताचा स्वभावच तसा. तिच्यावर खोटा आळ आला की तिला आधी राग यायचा, रडू नंतर, आणि बहुतेक वेळा नंतरचं राहूनच जायचं.

फिरोजा मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "माझा अहवाल उद्या दुपारी बाराला बंद होतो. तुम्हाला काही सांगायचं असेल तर त्याआधी सांगा. आणि पुराव्यासकट सांगा."

"व्हॉल्व्ह बगू काय?"

"बघा. हात लावायचा नाही."

कल्पिता वाकली. स्प्रिंगला वरून दाबून धरणारा बोल्ट झाकणाच्या नटातून वर आला होता. जितका तो फिरवून आत घालावा तितकी स्प्रिंग दाबली जाते. बोल्टचा वरचा भाग गंजून तांबडा झाला होता. त्यात नवल नव्हतं, खाडीवरच्या खाऱ्या हवेत उघडं लोखंड आठ दिवस धड राहत नाही. पण नटाच्या लगत, तर्जनीच्या एका पेराएवढे आटे चकचकीत होते. त्यांना अजून ग्रीस चिकटलेलं होतं.

तिला ते खटकलं. का खटकलं, हे मात्र त्या घडीला तिला सांगता आलं नसतं.

२

येसाजीकाकांनी तिला चौल रस्त्यावरच्या शेडच्या दारातच गाठलं. त्यांच्या हातात टाइप केलेला कागद होता.

"पोरी, सही कर. 'घाईत टोकं घासायची राहून गेली' एवढंच लिवलंय. शेठ पोलिसात जाणार न्हायत, ठमाबाईचा दवाखानाही बगतील. तू चार महिने घरी बस. मग मीच बोलावीन."

"आणि सही न्हाय केली तर?"

"शेड त्यांच्या जागेत हाय, कल्पे."

"काका, तुमी तार वळवता, मी घासते. अकरा वर्सांत एक तरी स्प्रिंग उभी न ऱ्हायलेली गेली हाय काय हितनं?"

काकांनी कागद बाकावर ठेवला, त्यावर वजनाला पाना ठेवला आणि ते निघून गेले.

कल्पिताच्या जिवाला सहीपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली होती. ठमाबाई तिची शेजारीण. आई गेल्यावर हिची वेणी घालणारी, हिला पोहायला शिकवणारी. बुधवारी दिवसभर कल्पिता अलिबागच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसली होती. तेवढ्यात गणराज शेठ फळं घेऊन आले, जाताना हळूच म्हणाले की स्प्रिंगमध्येच खोट निघेलसं दिसतंय. डोळ्यांवर पट्ट्या असलेल्या ठमाबाईनं मग कल्पिताचा हात झटकला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या घातल्या. "तुज्या हातानं माजे डोळे गेले. परत माज्याकडं येऊ नको." पट्ट्या सुटेपर्यंत दृष्टी राहील का जाईल हे डॉक्टरही सांगत नव्हते.

सही केली तर ठमामावशी जन्मभर तेच खरं मानणार होती. म्हणून सही करायची नाही, मग शेड जावो की राहो. एवढं ठरवून ती दगडापाशी गेली.

मुरूडच्या एका बर्फ कारखान्यासाठी त्याच मापाच्या बारा स्प्रिंगा न घासलेल्या, एका सळईवर ओवून ठेवल्या होत्या. सोमवारी संध्याकाळी तिनंच ओवल्या होत्या. मंगळवारी अपघात झाला, बुधवारी काकांनी सगळ्या बायकांना सुट्टी दिली, गुरुवारी कुणाचं कामात लक्ष नव्हतं. तिनं सवयीनं सळई मोजली.

अकरा.

पुन्हा मोजली. अकराच होत्या.

३

बर्फ कारखान्याचं यंत्र चालवणारा शब्बीर बंदराच्या भिंतीवर पाय सोडून बसला होता. दिवाळीत स्प्रिंग त्यानंच बसवली होती, म्हणजे तिच्याखालोखाल संशय त्याच्यावर. तिला बघून तो उठून जायला लागला.

"शब्बीरभाई, पळता कशाला? मला एकटीला फासावर चढवून तुमची सुटका हुनार न्हाय. उद्या म्हनतील, बसवणाऱ्याला डोळे न्हवते काय?"

तो परत बसला. "मला पोरंबाळं हायत, कल्पिता."

"ठमामावशीला पन हायत. दिवाळीत बसवलीत ती स्प्रिंग कशी होती?"

"खुदा गवाह हाय, टोकं घासलेली होती. तळहातावर उभी करून बघितली मी, बाटलीसारखी उभी राहिली. बोल्टही नवा कोरा घातला. खुणेवर आणून नट आवळला."

"मग हे सकाळी का न्हाय बोललात?"

त्यानं खाडीकडं बघितलं. होड्या भरभरून येत होत्या. पावसाळी मासेमारीबंदीला आता थोडेच दिवस उरले होते आणि बर्फाला भारी मागणी होती.

"बोललो असतो तर पुढचं इचारलं असतं," तो म्हणाला. "नवीन स्प्रिंग बसवली आणि दुसऱ्याच आठवड्यात व्हॉल्व्हनं दोनदा शिट्टी मारली. म्हंजे दाब वाढला नि गॅस वर सोडला. व्हॉल्व्ह बराबर काम करत होता. खोट मशीनमधी होती, गॅस गार करनारे पाइप चोंदलेले. मी शेठना सांगितलं, मशीन चार दिवस बंद ठेवा, पाइप धुवून घेऊ. शेठ बोलले, तू जा, मी बघतो."

"मग?"

"मग काय, पाइप कुनी धुतले न्हायत. दाबाचा काटा लालच्या वर ऱ्हायचा. पन शिट्टी परत कधी वाजली न्हाय. सा महिने."

"आनि तुमी गप ऱ्हायलात."

"ऱ्हायलो," शब्बीर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. कल्पिताला त्याचा राग आला आणि दयाही आली, पण दया दाखवायला तिच्याकडे वेळ नव्हता.

परतताना तिनं सगळं मनाशी जुळवून पाहिलं. स्प्रिंग घासलेली गेली होती, आणि न घासलेली बाहेर आली. म्हणजे मंगळवार ते बुधवार संध्याकाळ, सील लागण्याआधी, कुणीतरी बदलली. पण हे ती नुसतं बोलणार, शब्बीर नुसतं बोलणार, आणि गणराज शेठ दोघांना खोटारडे म्हणणार. मोजून दाखवता येईल असं तिच्याकडे काय होतं?

४

डोकं चालेनासं झालं की कल्पिता काम काढायची. तिनं सळईवरची एक स्प्रिंग घेतली आणि दगड सुरू केला.

स्प्रिंगचं काम तसं साधं. दाबली की ती परत ढकलते, जास्त दाबली तर जास्त जोरानं ढकलते. हे सगळं वेढ्यांमधल्या मोकळ्या जागेवर चालतं. वेढ्याला वेढा टेकला की जागा संपली. मग ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडाचं नळकांडं होतं. हत्ती उभा केला तरी पुढं दबायची नाही.

सगळा फरक पडतो तो टोकांनी. तार नुसती तोडून सोडली तर टोक उघडं राहतं, स्प्रिंग कुठंही कलते. उघडं टोक तसंच घासून सपाट करणारेही असतात, पण असलं काम चौलला कुणी मागत नसे. येसाजीकाका शेवटचा वेढा वळवून आधीच्या वेढ्याला टेकवत, त्याला म्हणायचं बंद टोक. तरी तारेचा गोल फुगवटा उरतोच, म्हणून स्प्रिंग डुलते. तो फुगवटा कल्पिता दगडावर धरून अर्धी तार जाईपर्यंत घासायची, मग स्प्रिंग दोन्ही टोकांवर गुमान उभी राहायची. व्हॉल्व्हला असलीच लागते.

घासण्याआधी तिनं स्प्रिंग शिकंज्यात पूर्ण आवळून मोजली होती. ऐंशी मिलिमीटर. घासल्यावर पुन्हा आवळली. बहात्तर.

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तार आठ मिलिमीटरची, वेढे नऊ. नऊ आठे बहात्तर. न घासलेलीत वर अर्धी आणि खाली अर्धी तार जादा, म्हणजे आणखी आठ. हा हिशेब तिनं हजार वेळा केला असेल. पण आज तिनं दगड बंद केला आणि ती तशीच उभी राहिली. नटालगतचे ते चकचकीत आटे तिच्या डोळ्यांपुढं आले. ते इतके दिवस झाकणाच्या आत होते म्हणून गंजले नव्हते. म्हणजे बोल्ट इतके दिवस तेवढा खाली होता!

तिनं हात पुसले आणि फिरोजा मॅडमना फोन लावला.

"मॅडम, तुमच्या कागदावर दोन मापं असतील. सील तोडल्यावर, स्प्रिंग ज्या दोन चकत्यांत दाबून बसते त्यांच्यातलं अंतर किती होतं?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "पंच्याण्णव मिलिमीटर. नियमाप्रमाणं आहे."

"आणि बोल्टचे नटापासून वर बिनगंजलेले आटे?"

"तेही मिलिमीटरमध्येच घेतलंय. तेवीस. का?"

पंच्याण्णवातून तेवीस. उरले बहात्तर, शिकंज्यातल्या घासलेल्या स्प्रिंगएवढे.

"उद्या सकाळी कारखान्यात या, मॅडम," ती म्हणाली. "सगळ्यांना बोलवा. येसाजीकाकांना पन."

५

शनिवारी दहाला सगळे व्हॉल्व्हभोवती जमले. गणराज शेठनी घड्याळाकडं बघितलं. "सहीचा कागद आणलाय ना?"

"आनलाय. सहीची जागा कोरी हाय," कल्पिता म्हणाली. "मॅडम, हा व्हॉल्व्ह तुमीच परत जोडा. मी हात लावत न्हाय. काल निघालेली स्प्रिंगच घाला. मग बोल्ट खाली न्या, गंजाची रेघ नटाला टेकेपर्यंत. मंगळवारी तो तितं होता."

"कशावरून?" शेठनी विचारलं.

"खाडीच्या हवेवरून. दिवाळीला नवा बोल्ट घातला. सा महिन्यांत जेवढा बाहेर ऱ्हायला तेवढा गंजला, जेवढा आत ऱ्हायला तेवढा कोरा. तुमी तो अपघातानंतर, सील लागायच्या आत वर काडलात, म्हनून कोरा भाग बाहेर आला."

फिरोजा मॅडमनी स्प्रिंग घातली, पाना लावला आणि बोल्ट फिरवायला घेतला. कोरे आटे एकेक करून नटात जायला लागले. मग पाना जड झाला. मग थांबला. मॅडमनी दोन्ही हातांनी जोर लावला, तरी तो तसूभर हलेना. वेढ्याला वेढा टेकला होता, आणि नटाच्या वर अजून कोरे आटे दिसत होते.

"मोजा," कल्पिता म्हणाली.

मॅडमनी माप लावलं. "आठ मिलिमीटर बाकी."

"आता ही घाला." तिनं काल घासलेली स्प्रिंग पुढं केली. "त्याच तारेची, तेवढ्याच वेढ्यांची. फक्त टोकं घासलेली."

ती स्प्रिंग आत गेली. पाना फिरत राहिला, फिरत राहिला, आणि गंजाची रेघ नटाला टेकली तेव्हाच अडला. शब्बीरनं न सांगता पुढं होऊन पहार घातली आणि गॅस ज्याला उचलून बाहेर पडतो ते आतलं बूच खालून उचलायचा प्रयत्न केला. बूच ढिम्म हललं नाही.

"दोन्ही टोकांची अर्धी अर्धी तार मी दगडावर घासून काडते," कल्पिता म्हणाली. तिचा आवाज आता वर चढला होता आणि तो खाली आणायची तिला मुळीच इच्छा नव्हती. "अर्धी आणि अर्धी, एक तार. आठ मिलिमीटर. ते आठ मिलिमीटर घासले नसते तर बोल्ट या जागी आलाच नसता. म्हंजे मंगळवारी आत स्प्रिंग होती ती घासलेली. आनि बोल्ट हितवर आवळला तर घासलेली स्प्रिंग पन ठोकळा हुते, तिला दबायला जागाच उरत न्हाय. गॅस बाहेर कुठनं जानार? शिट्टी वाजून मशीन थांबायला नको, म्हनून कुनीतरी व्हॉल्व्हचं तोंड बांधलं हुतं. माज्या स्प्रिंगनं न्हाय, शेठ. पान्यानं!"

"हा शब्बीर..." गणराज शेठनी सुरुवात केली.

"मी दिवाळीत सांगितलं हुतं तुमाला," शब्बीर एकदम ओरडला. "मॅडम, लिवून घ्या. हे बोलले, तू जा, मी बघतो. बोल्टला पाना लावायची मला मनाई हुती. अपघातानंतर कारखान्याची चावी एकट्या शेठकडं हुती."

"ते खरं आहे," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "बुधवारी सील लावायला मी आले तेव्हा कुलूप तुम्हीच उघडलंत, शेठ. आधीची स्प्रिंग कुठं आहे?"

गणराज शेठ खाडीकडं बघत राहिले. मॅडमनी लिहून घेतलं.

६

"एक ऱ्हायलं," कल्पिता म्हणाली. "न घासलेली स्प्रिंग बाजारात मिळत न्हाय. माझ्या सळईवरची एक कमी हाय. आनि बुधवारी शेडमधी एकच मानूस हुता."

येसाजीकाका जिथं उभे होते तिथंच खाली बसले. म्हातारा माणूस दोन दिवसांत आणखी म्हातारा झाला होता.

"शेठ बोलले, जागा खाली कर, न्हायतर एक स्प्रिंग दे," ते म्हणाले. "मला वाटलं, तू बाईमानूस, घरी बसशील. लोक चार महिन्यांत इसरतील. शेड गेली तर सगळ्यांचंच गेलं असतं."

"सगळ्यांचं वाचवायला माजंच नाव बरं सापडलं तुमाला."

"चुकलो, पोरी."

"ते मला सांगू नका. मला आधीच ठाऊक हाय." ज्या माणसानं हातात पहिली स्प्रिंग दिली, त्याच्यावर ओरडायचं की त्याला उठवायचं हे तिला कळेना. तिनं त्यांना दंडाला धरून उठवलं, पण हात सोडला नाही. "चला. ज्याला ठाऊक न्हाय त्याला सांगायचं."

अलिबागच्या दवाखान्यात भेटायची वेळ चार ते सहा. वॉर्डात बारा खाटा, आणि बुधवारच्या शिव्या ऐकलेल्या बहुतेक बायका अजून तिथंच होत्या. कल्पिताला बघून दोघीतिघींनी तोंडं फिरवली. ती सरळ ठमाबाईच्या खाटेपाशी गेली आणि येसाजीकाकांना पुढं ढकललं.

काका अडखळत बोलले. बोल्ट, पाना, स्प्रिंग, बुधवार, सगळं सांगितलं. स्वतःचं नाव घेताना त्यांचा आवाज इतका खाली गेला, की कल्पितानं "मोठ्यानं" म्हणून टोकलं. ते मोठ्यानं बोलले.

पट्ट्यांखाली ठमाबाईचे डोळे उघडे होते की मिटलेले, कुणाला कळायला मार्ग नव्हता.

"कल्पे, हितंच हायस काय?"

"हाय, मावशी."

"सकाळी डॉक्टर बोलला, डाव्या डोळ्याला उजेड कळतोय. उजव्याचं म्हाईत न्हाय." तिनं चाचपडत कल्पिताचा हात शोधला आणि धरला. "मला उठवून बसव."

कल्पितानं तिला पाठीला हात देऊन बसवलं. ठमाबाईनं केस मागं सारले, गळा साफ केला आणि भर बाजारात पापलेट विकताना लावायची तसा आवाज लावला.

"बायांनो, ऐका! बुधवारी मी या पोरीला नको नको ते बोलले. ती खोटी न्हाय, मी खोटी ठरले. हिच्या हातात खोट न्हाय. खोट गणराज शेठच्या पान्यात हाय, नि या येसाजीत हाय!"

नर्स धावत आली. "आजी, हळू, बाकीच्या पेशंटना त्रास होतो."

"झाला तर हू दे," ठमाबाई म्हणाली. "शिव्या मी हळू घातल्या न्हवत्या."

आणि शेजारच्या वॉर्डातही ऐकू जायला हवं म्हणून तिनं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.